अठ्ठावीस इंची बाण

म्हसळ्याच्या बाजारपेठेत, कोंबडीवाल्याला लागून
माझं दुकान. कॅरमची पावडर, टेनिसचे चेंडू,
ट्रॉफ्या, ज्यांवर कुणाचंही नाव चालतं.
धनुष्यं ठेवायला लागलो ते उकये सरांमुळे:
"जिल्ह्याला मुली उतरवायच्यात, मागवून ठेवा."
मागवली. पुण्याहून एसटीच्या पार्सलात
एका चेपलेल्या खोक्यातून सहा कार्बनचे बाण आले,
बोटांना घालायचं चामडं, छातीवरची जाळी,
आणि बिल, जे बायकोला अजून दाखवलेलं नाही.

सोमा हिलम आला तो शुक्रवारी, नमाजाच्या आधी,
नातीला घेऊन. चपला बाहेर काढल्या.
मी म्हटलं, असू दे. तरी काढल्या.
बाण मागितला नाही, नुसता हात पुढे केला.
तर्जनीवर आडवा धरून तोल पाहिला,
पिसाला नख लावलं.
"हे पीस कुणाचं?"
प्लास्टिक, मी म्हणालो.
"म्हणजे कधी उडालेलं नाही."
टोक बोथट बघून मात्र हसला.
"ह्यानं काय मारतात?"
कागद. त्यावर गोल असतात, मधला पिवळा.
"कागद कोण खातं?"

रंजिता, आठवी ब, ट्रॉफ्यांकडे बघत राहिली,
ह्या माणसाला आपण ओळखतच नाही अशी.

त्याच आठवड्यात गावभर बातमी होती:
खाडीपलीकडे सांबर उतरलंय.
जांभ्यावर खूर उमटत नाही,
पण खारजमिनीच्या चिखलात म्हणे बशीएवढा.
कुणी म्हणे डोक्यावर झाड आहे शिंगांचं, कुणी म्हणे गाभण मादी.
टपरीवर तिघांनी तीन बंदुका आठवल्या,
निवडणुकीला ठाण्यात जमा केलेल्या, अजून तिथेच असलेल्या.
एकजण तर हळूच दुकानात येऊन विचारून गेला,
"ह्या बाणाला लोखंडी पातं बसेल का?"
मी म्हटलं, कॅरमची पावडर घेता?

सोमाला विचारलं, ऐकलंस का सांबराचं?
तो बाण खोक्यात परत ठेवत होता, झोपलेलं पोर ठेवावं तसा.
म्हणाला, हाक्याला जायचो आम्ही.
रान आम्ही उठवायचं, माचीवर दुसरेच.
मान त्यांची, मांडी त्यांची,
आम्हाला आतडी, आणि ओरडून बसलेला गळा.
एकदाच माझ्या अंगावर आलं, कारवीतून, सरळ.
इथून त्या कॅरमबोर्डाइतकं लांब.
धनुष्य होतं. बाण होता, घारीच्या पिसाचा.
"मग?"
"मग काय. ते धापत होतं.
मीही."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, शटलकॉक मागत.

निघताना त्याने रंजिताला हात पुढे करायला लावला,
छातीच्या खळगीपासून मधल्या बोटापर्यंत बाण धरला,
म्हणाला, दोन बोटं जास्त आहे.
कंपनीचं माप आहे ते, अठ्ठावीस, मी म्हटलं.
"कंपनीने हिचा हात कधी बघितला?"

रात्री शटर अर्धं ओढून तक्ता उघडला.
पसरलेले दोन्ही हात, भागिले अडीच, अधिक एक.
दोनदा केलं गणित. साडेसव्वीस.
आरीचं बारीक पान घेऊन सहाही बाण कापले.
पहिला चिरला. तो बिलात धरलेला नाही.

पाच बाण घेऊन ती अलिबागला गेली,
एकविसावी आली.
सोमाने विचारलं, लागले का कागदाला?
लागले, म्हणाली, कडेला.
"कडेला लागलं," तो म्हणाला,
"तर जनावर रात्रभर चालतं."

सांबराचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही.
बातमी विरली, बंदुका ठाण्यात आहेत.
रंजिता रोज संध्याकाळी वाडीमागे
भाताच्या पेंढ्यावर नेम धरते,
आणि दोरी ताणून हल्ली जरा जास्तच थांबते.
उकये सर म्हणतात, ह्यात वेळ संपतो, गुण जातात.
मी काही बोलत नाही.
दोरी झिजलीय, नवी मागवलीय. गुरुवारच्या गाडीने येईल.